शेवटच्या मुदतीतला महापौर

पुन्हा निवडणूक लढवायचीच नाही, असं कायद्यानं ठरलेला लोकप्रतिनिधी सार्वजनिक पैशाशी कसा वागतो? हा प्रश्न प्रयोगशाळेत नेता येत नाही. ब्राझीलमध्ये मात्र तो जवळजवळ प्रयोगासारखा पारखता आला.

तिथे महापौराला लागोपाठ दोनच मुदती मिळतात. २००३पासून केंद्र सरकार चक्क सोडत काढून नगरपालिका निवडू लागलं आणि त्यांना दिलेल्या केंद्रीय निधीचा हिशेब तपासायला लेखापरीक्षक पाठवू लागलं. चिठ्ठी कुणाचीही निघू शकते, त्यामुळे मर्जीतल्यांना वगळलं, विरोधकांना पकडलं, असा संशय उरत नाही. फेराझ आणि फिनान या अर्थशास्त्रज्ञांनी ते अहवाल वाचून काढले. २०११ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: पुन्हा उभं राहता येणाऱ्या महापौरांच्या काळात, शेवटच्या मुदतीतल्यांपेक्षा २७ टक्के कमी निधीचा अपहार झाला.

इथे शंका यायलाच हवी. दुसऱ्यांदा आलेला माणूस कारभारात मुरलेला असतो. तो मतदारांना घाबरत नाही म्हणून खातो, की खायचं कसं हे शिकला म्हणून? हे वेगळं काढण्यासाठी त्यांनी तुलनेला पहिल्या मुदतीतले असे महापौर घेतले, ज्यांनी आधी सत्तेची पदं भूषवली होती. पहिल्या मुदतीतले जे पुढे पुन्हा निवडून आले, तेही वेगळे तपासले. फरक टिकला. मला या अभ्यासातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. जिथे माहिती लोकांपर्यंत कमी पोचते आणि न्यायालयाचा धाक कमी असतो, तिथे हा फरक आणखी मोठा दिसला.

मग मुदतीची मर्यादाच काढून टाकावी? इटलीतल्या नगरपालिकांच्या निविदांचा अभ्यास उलटं बोट दाखवतो. महापौर जितका जास्त काळ खुर्चीत, तितके निविदा भरणारे कमी, आणि त्याच त्या स्थानिक कंत्राटदाराला पुन्हा काम मिळण्याची शक्यता जास्त. यावरून लाचखोरी सिद्ध होत नाही, पण साटंलोटं मुरायला वेळ लागतो आणि तो वेळ लांब कारकीर्द देते, हे उघड आहे.

पण मर्यादा घातली म्हणून सत्ता घराबाहेर जातेच असंही नाही. फिलिपिन्सनं १९८७च्या राज्यघटनेत स्थानिक पदांवर लागोपाठ तीन मुदतींची मर्यादा घातली. अनेक ठिकाणी मुदत संपलेल्याच्या जागी बायको, मुलगा किंवा भाऊ आला.

ब्राझीलमधल्या सोडतीचा पुढचा हिशेबही लागला आहे. एकदा तपासणी झालेल्या नगरपालिकांत नंतरचा भ्रष्टाचार सुमारे ८ टक्क्यांनी घटला, आणि त्यामागे मुख्यतः खटल्याची भीती होती.