साबण लावताच हळदीचा डाग लाल का होतो?

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) जेवणात पांढऱ्या सदऱ्यावर खतखते (हळद घातलेली मिश्र भाज्यांची रसभाजी) सांडले आणि साबण लावताच पिवळा डाग लालभडक झाला, हा अनुभव गोव्यातल्या घरांना नवा नाही. त्यावर मोबाइलवर हल्ली फिरणारा उपाय म्हणजे खाण्याचा सोडा आणि लिंबू कालवून डागावर चोळणे. मिश्रण फसफसते म्हणून ते काम करते असे वाटते. परंतु तो फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो, आणि सोडा व आम्ल एकमेकांना मारून मागे उरते ते मुख्यतः सोडियम सायट्रेटचे पाणी. चिंचेने समई लखलखते ते वेगळ्या कारणाने: पितळेवरचा काळपट थर तांब्याच्या ऑक्साइडसारख्या संयुगांचा असतो आणि तो आम्लात विरघळतो. हळदीचा रंग तसा विरघळत नाही.

हळदीतला पिवळेपणा मुख्यतः कर्क्युमिन या रेणूचा आहे. व्होगेल आणि पेल्तिये या रसायनशास्त्रज्ञांनी तो १८१५ साली हळदीतून वेगळा काढला. त्याची रचना कळायला मात्र १९१० साल उजाडले. दोन टोकांना दोन वलये आणि त्यांना जोडणारी सात कार्बन अणूंची साखळी, अशी ही रचना असून साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येत असल्यामुळे तिच्यातले काही इलेक्ट्रॉन एका जागी न राहता सबंध रेणूभर पसरलेले असतात. असे इलेक्ट्रॉन जांभळा-निळा प्रकाश शोषतात, आणि उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. साबणाचे पाणी आम्लारिधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे असते. त्यात वलयांवरच्या हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या) गटांतून प्रोटॉन निघून जातो, मागे राहिलेला ऋण भार साखळीवर पसरतो आणि इलेक्ट्रॉनांना वरच्या ऊर्जापातळीवर उडी मारायला पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा पुरते. म्हणून आता हिरव्याकडे झुकणारा प्रकाश शोषला जातो आणि डाग लाल दिसतो. सामू (pH, आम्लता मोजणारा आकडा) साधारण साडेआठच्या वर गेला की हा बदल स्पष्ट होतो, आणि लिंबू पिळले की डाग परत पिवळा होतो. डाग गेलेला नसतो. त्याने फक्त रंग बदललेला असतो.

हळद आणि चुना यांपासून कुंकू होते ते याच रसायनामुळे. हळदीत भिजवून वाळवलेल्या कापडावर चुन्याची निवळी शिंपडून ‘करणीचे रक्त’ दाखवणाऱ्या बुवांचे भांडवलही एवढेच.

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलात विरघळते. रश्शातले तेल त्याला सुताच्या धाग्यांत आत नेऊन बसवते, म्हणून भांडी घासायच्या साबणाने आधी तेल काढावे आणि तेवढ्यापुरत्या लालीला घाबरू नये. सुमारे ४२ टक्के अल्कोहोल असलेली काजूची फेणीही पाण्यापेक्षा थोडा अधिक रंग सोडवील, पण २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या फेणीचा तो उपयोग आमच्याकडे कुणाला मानवेलसे वाटत नाही.

खरा उपाय उन्हात आहे. ज्या साखळीमुळे कर्क्युमिन प्रकाश शोषते, तीच साखळी शोषलेल्या ऊर्जेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने तुटते. तुकडे लहान झाले की ते दृश्य प्रकाश शोषू शकत नाहीत आणि डाग फिका पडत जातो. चवथ भाद्रपदात येते आणि तेव्हा ऊन दुर्मिळ असते. ढगाळ उजेडातही हे घडते, मात्र त्याला अधिक दिवस लागतात. रंगीत कापड उन्हात ठेवताना जपावे, कारण ऊन कापडाचा मूळ रंगही उडवू शकते.