उंचावलेली पिकअप आणि कलम 52 : पार्श्वभूमी

पिकअपला लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) आणि मोठे टायर बसवण्यावर 2019 साली बंदी आली, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि सप्टेंबरपासून दंडाची नवी तरतूद लागू झाली, हे बरोबर. परंतु मोटार वाहन कायद्यातील कलम 52 वाहनात बदल करण्याविषयी आहे, आणि त्याच्या दुरुस्तीने मूळ दार 11 ऑगस्ट 2000 रोजीच बंद झाले होते आणि पुढची अठरा वर्षे त्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते.

गाडी उंच करण्याची रीत आपल्याकडे ‘लिफ्ट किट’ या शब्दाहून जुनी आहे. नारायणगावचा टोमॅटो किंवा लासलगावचा कांदा वाहणाऱ्या पिकअपला मागच्या बाजूला एखाददुसरा पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) वाढवून घेणे, ही गॅरेजमधली नेहमीची गोष्ट आहे. हेतू वजन पेलण्याचा असतो. उंची आपोआप वाढते. पंजाब-हरियाणाच्या सीमेवर गॅरेजमध्ये जुळवून तयार होणाऱ्या लांडी जीपमध्ये मात्र उंची आणि रुंद टायर हाच हेतू असतो. ‘लिफ्ट’ हा शब्द नंतर आला आणि येताना गोंधळ घेऊन आला, कारण त्या एकाच नावाखाली दोन वेगळी कामे मोडतात. बॉडी लिफ्टमध्ये चासी (गाडीचा सांगाडा) आणि केबिन यांच्यामध्ये ठोकळे बसवतात. सस्पेन्शन लिफ्टमध्ये पाटे, ते चासीला जोडणारे शॅकल, स्प्रिंग किंवा तिच्यावरचे स्पेसर (ठोकळे) बदलून चासीसकट सगळे वर उचलतात. या दोन्हींमुळे मागच्या आसाच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. म्हणूनच खडकाळ वाटेने जाणाऱ्याला खरी गरज टायरची असते, आणि तो टायर मडगार्डला घासू नये म्हणून लिफ्ट लागते.

245/70 आर 16 मापाच्या टायरचा व्यास सुमारे 749 मिलिमीटर असतो. त्याऐवजी 265/75 आर 16 चढवला तर तो 804 मिलिमीटरच्या आसपास जातो आणि आस साधारण 27 मिलिमीटर उचलला जातो. मूळ टायरवर वेगाचा काटा अचूक आहे असे धरले, तर नव्या टायरवर तो 80 दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात जवळपास 86 च्या वेगाने धावत असते. गुरुत्वमध्य वर सरकणे, ब्रेकवर अधिक भार पडणे आणि मागच्या चाकांना शक्ती पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडणे हे त्याशिवाय. अशा बदलांनी गाडी धोक्याची होते ही भीती खोटी नाही, हे आधीच नोंदवले पाहिजे.

आता कायद्याकडे. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 32 होते आणि 1988 च्या कायद्यात त्याचेच कलम 52 झाले. त्याच्या मूळ स्वरूपात मालकाने नोंदणी प्राधिकाऱ्याला आधी सूचना द्यावी, मंजुरी घ्यावी आणि मग बदल करावा, अशी रचना होती. सुटे साहित्य लावल्या-काढल्याने रिकाम्या गाडीचे वजन दोन टक्क्यांपर्यंत बदलले तर मंजुरीचीही गरज नव्हती. 2000 च्या दुरुस्तीने हे पोटकलमच बदलले. उत्पादकाने मूळ जे तपशील ठरवले आहेत त्यांच्याशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये, असे नवे शब्द आले. अपवाद मुख्यतः सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा इंधनबदलाच्या किटसाठी ठेवला गेला. परवानगीची पद्धत जाऊन मनाई आली ती येथे. शहरांतील हवा स्वच्छ करण्याच्या तातडीच्या चर्चेत इंधनबदलाची सवलत दिसली आणि मनाईचा भाग झाकला गेला, असे माझे मत आहे.

खरा गुंता त्याच दुरुस्तीने जोडलेल्या स्पष्टीकरणात आहे. तेथे ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा फेरफार, ज्याने त्याचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते, अशी व्याख्या आहे. मूलभूत वैशिष्ट्य कोणते, हे मात्र सांगितलेले नाही. चाळीस मिलिमीटर वाढलेली उंची रचनेतील फेरफार आहे काय? चार बोल्ट सोडवून पूर्ववत होणारा टायर? याच कायद्याचे कलम 58 मालवाहू वाहनांसाठी वेगळ्या वाटेने जाते: त्यांच्या प्रमाणपत्रात प्रत्येक चाकाच्या टायरची संख्या, प्रकार आणि माप नोंदवावे लागते, आणि टायर बदलल्याने ठरलेल्या वजनांचा मेळ बिघडला तर कलम 52 लागू होऊन सुधारित वजने नोंदवावीत, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या पिकअपचा टायर कागदावर असतो. हौशी माणसाच्या खासगी जीपचा तसा असावा, अशी या कलमाची अट नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या केरळमधील प्रकरणात तेथील उच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांचा आधार घेऊन रचनेतील बदलांना वाट मोकळी ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या 9 जानेवारी 2019 च्या निकालाने ती बंद केली: नियम कायद्याच्या खालीच राहतात आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेता येत नाही. मात्र उरलेले तपशील रीतसर मंजुरीने बदलता येतात, हेही त्याच निकालात आहे, आणि नेमका तोच भाग सांगताना गळतो. न्यायालयाने नवी बंदी घातली नाही, एकोणिसाव्या वर्षात गेलेले वाक्य वाचून दाखवले. त्याआधी डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने गाडीच्या पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध राज्यांना लिहिले, तेव्हाही आधार कलम 52 चाच होता. 2019 च्या सुधारणेने मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा जोडली.

ऑस्ट्रेलियात ठरावीक मिलिमीटरपर्यंतची वाढ सहज चालते आणि त्यापुढे अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. आपल्याकडे विशिष्ट प्रयोजनासाठी सूट देण्याचा केंद्राचा अधिकार 2000 च्याच दुरुस्तीत आहे. उंचीची मर्यादा त्यातून आखता आली असती.

तोवर तपासणीचा भार विषम पडतो. मालवाहू पिकअपला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंगला (आरटीओच्या योग्यता तपासणीला) उभे राहावे लागते, म्हणून वाढवलेला पाटा किंवा मोठा टायर तेथे नजरेस येतो. खासगी नोंदणीच्या दुहेरी केबिनच्या पिकअपची नोंदणी पंधरा वर्षे चालते, आणि रस्त्यावर कोणी अडवले नाही तर तिच्याखाली वाकून पाहण्याची वेळ तेवढ्या काळात येत नाही.