भ्रूण-शीतसंरक्षण

भ्रूण-शीतसंरक्षण : शरीराबाहेर फलित केलेली मानवी भ्रूणे द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६° सेल्सिअसला, साठवून ठेवण्याची पद्धत. एका उपचारचक्रात तयार झालेल्या भ्रूणांपैकी उरलेली पुढच्या प्रयत्नासाठी राखून ठेवणे हा तिचा मूळ हेतू होता. कर्करोगावरील औषधे, किरणोपचार किंवा अंडाशयावरील शस्त्रक्रिया यांमुळे प्रजननक्षमता जाण्याची शक्यता असते, तेव्हा ती आधीच राखून ठेवण्याचा मार्ग म्हणून तिचा वापर पुढे रूढ झाला.

संज्ञा : रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक ‘गर्भ गोठवून ठेवलाय’ असे म्हणतात, तर प्रयोगशाळेत ‘एम्ब्रियो फ्रीझ केले’ अशी भाषा असते. काटेकोर अर्थाने पहिल्या आठ आठवड्यांपर्यंत भ्रूण आणि त्यानंतर गर्भ असा भेद आहे. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ या रुळलेल्या शब्दात तो पाळला गेलेला नाही. येथे ज्याचा विचार करावयाचा तो तीन ते सहा दिवसांचा, मिलिमीटरच्या पाचव्या हिस्स्याहून सहसा मोठा नसलेला पेशीपुंज आहे. ‘गोठवणे’ हा शब्दही आता तंतोतंत राहिलेला नाही, कारण आजच्या पद्धतीचा सारा खटाटोप बर्फ होऊ न देण्यासाठीच असतो. वृत्तपत्रांतून स्त्रीबीज गोठवणे आणि भ्रूण गोठवणे यांची सर्रास गल्लत होते. ती टाळायला हवी, कारण बीज एका व्यक्तीचे असते, तर भ्रूणावर दोघांचा हक्क पोहोचतो. या पद्धतीविषयीचे बहुतेक कज्जे याच फरकातून उद्‌भवले आहेत.

इतिहास : गांधारीच्या मांसपिंडाचे भाग तुपाच्या कुंभांत ठेवल्याची महाभारतातील कथा या संदर्भात अधूनमधून पुढे केली जाते, तिचा येथे पुरावा म्हणून उपयोग नाही. शास्त्रीय इतिहास १९४९ पासून धरणे योग्य. त्या वर्षी पोल्ज, स्मिथ व पार्क्स या ब्रिटिश संशोधकांनी ग्लिसरॉल मिसळल्यास शुक्राणू गोठवूनही जिवंत राहतात, असे दाखवले. १९७२ मध्ये व्हिटिंगहॅम, लीबो व मेझर यांनी उंदराची भ्रूणे उणे १९६° पर्यंत थंड करून पुन्हा वाढवली आणि त्यांतून पिले जन्मली. पुढच्याच वर्षी केंब्रिजला विल्मट व रोसन यांनी गोठवलेल्या भ्रूणापासून वासरू मिळवले. डॉली मेंढीमुळे पुढे जगभर ठाऊक झालेले विल्मट ते हेच.

मानवी भ्रूणाच्या बाबतीत अग्रक्रम कोणाचा, हा प्रश्न मात्र वादग्रस्त आहे. पाश्चात्त्य ग्रंथांत तो मेलबर्नचे ॲलन ट्राउन्सन व लिंडा मोर यांच्याकडे जातो. चार महिने साठवलेल्या आठपेशीय भ्रूणापासून गर्भधारणा झाल्याचे त्यांनी १९८३ मध्ये जाहीर केले. तो गर्भ चोविसाव्या आठवड्यात संसर्गामुळे गमवावा लागला. गोठवलेल्या भ्रूणापासून पहिले मूल १९८४ मध्ये मेलबर्नलाच जन्मले, आणि त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये जुळी झाली. परंतु याच्या साडेपाच वर्षे आधी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात ‘दुर्गा’ या टोपणनावाने ओळखली गेलेली मुलगी जन्मली होती. ती ५३ दिवस गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून झाली, असे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे प्रतिपादन होते. शीतजीववैज्ञानिक सुनीत मुखर्जी व स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य हे त्यांचे सहकारी. शरीराबाहेरील फलनातून जन्मलेले जगातील पहिले मूल म्हणजे लुईस ब्राऊन; ब्रिटनहून तिच्या जन्माची बातमी येऊन तेव्हा दोन महिने उलटून गेले होते.

पश्चिम बंगाल सरकारने नोव्हेंबर १९७८ मध्ये चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्षपद एका रेडिओ-भौतिकीच्या प्राध्यापकांकडे होते आणि या विषयात प्रत्यक्ष काम केलेले कोणी तिच्यात नव्हते. समितीने दावा फेटाळला. १९७९ मध्ये जपानमधील परिषदेला जाण्याची परवानगी मुखोपाध्यायांना नाकारण्यात आली. पुढे त्यांची बदली नेत्रविकार संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

या प्रकरणाचा फेरविचार घडवून आणणारी व्यक्ती मुंबईची होती, आणि त्या फेरविचाराने तिच्याच नावावरचा अग्रक्रम जाणार होता. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक टी. सी. आनंद कुमार आणि के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेली मुलगी भारतातील पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ मानली जात होती. १९९७ मध्ये मुखोपाध्यायांची हस्तलिखिते व टिपणे पाहिल्यावर आनंद कुमार यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून तो मान मुखोपाध्यायांना दिला. भारतीय लेखनात आता हेच मत सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते.

विरोधी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. ‘इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्स’च्या १९७८ च्या खंडातील मूळ निवेदन त्रोटक आहे, आणि स्वतंत्रपणे पडताळा घेता येईल इतका प्रयोगशाळेचा तपशील त्यात नाही. तथापि मुखोपाध्यायांनी केलेल्या तीन निवडी लक्षणीय आहेत : अंतःस्रावी औषधे देऊन एकाहून अधिक बीजे पक्व करणे, ती उदराऐवजी योनिमार्गातून काढणे, आणि भ्रूण त्याच चक्रात न सोडता गोठवून पुढच्या एखाद्या चक्रात गर्भाशयात सोडणे. लुईस ब्राऊनचा जन्म नैसर्गिक चक्रातील एकाच बीजापासून, उदरदर्शकाच्या मदतीने साधला होता. कलकत्त्यात अवलंबलेल्या या तिन्ही गोष्टी पुढे जगभर नित्याच्या झाल्या. एखाद्याने केवळ बनाव रचला असता, तर तो त्या वेळी गाजत असलेल्या पद्धतीची नक्कल करता. हा पुरावा अप्रत्यक्ष असला, तरी आनंद कुमारांचे मत अधिक संभाव्य वाटते ते यामुळेच.

तंत्र : पेशीतील पाण्याचा बर्फ झाला की स्फटिकांमुळे पेशीची रचना मोडते, आणि पाणी फार वेगाने काढून घेतल्यास ती आक्रसून मरते. या दोन धोक्यांमधून वाट काढण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या मंदशीतन पद्धतीत डायमिथिल सल्फॉक्साइड किंवा प्रोपेनडायॉल यांसारख्या संरक्षक द्रव्यात भ्रूण ठेवून तापमान दर मिनिटाला सुमारे ०·३° या संथ गतीने उतरवत नेतात. उणे ७° च्या आसपास भ्रूण ठेवलेल्या नळीला अतिथंड चिमट्याचा स्पर्श करून भ्रूणाच्या बाहेर मुद्दाम बर्फ धरवतात, म्हणजे आतले पाणी हळूहळू बाहेर ओढले जाते.

दुसरी रीत काचीभवनाची. द्रव इतक्या झपाट्याने थंड करायचा, की स्फटिक बनायला अवसरच मिळू नये आणि तो काचेसारखा घट्ट व्हावा. ही कल्पना लुयेट यांनी १९३० च्या दशकात मांडली; भ्रूणांवर ती यशस्वी केली रॉल व फेही यांनी १९८५ मध्ये, उंदरावर. मानवी उपचारांत ती सर्वत्र पसरली ती जपानच्या कुवायामा यांनी २००५ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या अतिसूक्ष्म पट्टीमुळे. प्रत्यक्ष काम पाहिले तर ते घड्याळाच्या काट्यावर चालते. भ्रूण आधी सौम्य द्रावणात ठेवले जाते. तेथे ते आक्रसते आणि मग पुन्हा फुगून पूर्ववत होते. त्यानंतर एथिलीन ग्लायकॉल, डायमिथिल सल्फॉक्साइड व साखर असलेल्या तीव्र द्रावणात त्याला मिनिटभरही ठेवता येत नाही, कारण तेच द्रावण विषारी असते. तेवढ्या वेळात ते केसासारख्या बारीक नळीने उचलून पट्टीच्या टोकावर ठेवायचे, भोवतीचा जादा द्रव शोषून घ्यायचा आणि पट्टी सरळ नायट्रोजनमध्ये बुडवायची. पट्टीवर उरलेला द्रव मायक्रोलिटरच्या दहाव्या भागाइतका असतो. पाचव्या-सहाव्या दिवसाच्या भ्रूणात पोकळी असते व तिच्यातले पाणी बर्फ धरू शकते, म्हणून काही ठिकाणी ती आधी लेसरने रिकामी करतात. ऊब देतानाही घाई लागते : पट्टी नायट्रोजनमधून थेट ३७° च्या साखरद्रावणात जाते. या रीतीने दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक भ्रूणे वाचतात.

साठवणीचा काळ किती चालेल, याला जीवशास्त्रीय मर्यादा अद्याप दिसलेली नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये गोठवलेल्या भ्रूणापासून २०२५ मध्ये मूल जन्मले. यशापयश ठरते ते बीज काढताना स्त्रीचे वय काय होते यावर. टाकीत किती वर्षे गेली यावर नव्हे. गोठवलेल्या भ्रूणांच्या गर्भधारणेत, विशेषतः औषधांनी घडवलेल्या कृत्रिम चक्रात, उच्च रक्तदाबाच्या गुंतागुंती व जादा वजनाची बालके यांचे प्रमाण काहीसे अधिक आढळते.

प्रजननक्षमता राखण्यासाठी उपयोग : बीजे पक्व करण्याच्या इंजेक्शनांना साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. पूर्वी त्यासाठी पाळीची वाट पाहावी लागे. आता चक्राच्या कोणत्याही दिवशी सुरुवात करतात, त्यामुळे कर्करोगाचे उपचार फारसे लांबत नाहीत. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या स्तनकर्करोगात इस्ट्रोजेन वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल देतात. भ्रूण गोठवण्यासाठी शुक्राणू हवेतच, म्हणजे जोडीदार हवा किंवा दात्याचा स्वीकार हवा. अविवाहित तरुणीला म्हणून स्त्रीबीज गोठवण्याचाच सल्ला दिला जातो, आणि अमेरिकी प्रजननवैद्यक संस्थेने २०१२ मध्ये त्या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढल्यापासून दांपत्यांपुढेही तो पर्याय ठेवला जातो. वयात न आलेल्या मुलींसाठी यांपैकी काहीच शक्य नसते. तेथे अंडाशयाची ऊती काढून साठवतात.

भ्रूणाला दोघांची संमती लागते, याचा अर्थ काय होतो हे ब्रिटनमधील नॅटली इव्हान्स यांच्या खटल्यात दिसले. अंडाशये काढण्यापूर्वी २००१ मध्ये त्यांनी व त्यांच्या जोडीदाराने सहा भ्रूणे साठवली. संबंध तुटल्यावर जोडीदाराने संमती मागे घेतली. स्वतःचे मूल होण्याची ती एकमेव शक्यता असूनही युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने एप्रिल २००७ मध्ये निकाल इव्हान्स यांच्याविरुद्ध दिला.

परदेशगमन : उपचारांसाठी सीमा ओलांडण्याला ‘प्रजनन पर्यटन’ म्हणण्याचा प्रघात पडला. मातोरास, तसेच इनहॉर्न व पात्रित्सिओ या अभ्यासकांनी त्याऐवजी ‘हद्दपारी’ हा शब्द सुचवला, कारण जाणाऱ्याला बहुधा स्वदेशाचा कायदाच घालवत असतो. ‘सीमापार प्रजननसेवा’ ही तटस्थ संज्ञा आता अधिक वापरात आहे. इटलीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील २००४ च्या ४० क्रमांकाच्या कायद्याने एका वेळी तीनहून अधिक भ्रूणे बनवण्यास आणि अपवाद वगळता ती गोठवण्यास मनाई केली. तयार झालेली सर्व भ्रूणे एकदमच गर्भाशयात सोडणे भाग होते. २००८-०९ मध्ये बेल्जियम, चेक प्रजासत्ताक, डेन्मार्क, स्लोव्हेनिया, स्पेन व स्वित्झर्लंड येथील केंद्रांत झालेल्या युरोपीय पाहणीत १,२३० परदेशी रुग्णांपैकी जवळजवळ एकतृतीयांश इटलीचे होते. घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये भ्रूणांविषयीची ही बंधने रद्द केली. दरम्यान भ्रूणे गोठवता येत नसल्याने इटलीतील प्रयोगशाळांनी स्त्रीबीज गोठवण्याचे तंत्र पुष्कळ पुढे नेले, हा त्या कायद्याचा कोणी न योजलेला परिणाम. जर्मनीत १९९१ पासून अमलात असलेल्या कायद्यानुसार स्त्रीबीज व शुक्राणू यांची केंद्रके एकरूप झाल्यावरच भ्रूण अस्तित्वात येते; त्याआधीच्या काही तासांत फलित बीज गोठवले, तर कायद्याच्या दृष्टीने भ्रूण गोठवले जात नाही.

या प्रवासातील जोखीम फार लवकर उघड झाली होती. लॉस एंजेलिसच्या रिओस दांपत्याची दोन भ्रूणे १९८१ मध्ये मेलबर्नला गोठवण्यात आली आणि १९८३ मध्ये दोघेही विमान अपघातात मरण पावले. भ्रूणांचे काय करावे, याविषयी त्यांनी काहीच लिहून ठेवले नव्हते. त्यांचा नाश करावा, अशी एका समितीने शिफारस केल्यानंतरही, मेलबर्न ज्या राज्यात येते त्या व्हिक्टोरियाच्या विधिमंडळाने ती राखण्याचा मार्ग ठेवला.

मराठी कुटुंबांशी निकटचा संबंध आखाती देशांचा आहे. संयुक्त अरब अमिरातीत २००८ च्या कायद्याने भ्रूणे गोठवण्यास बंदी होती. ती २०१९ च्या कायद्याने उठली. मधल्या काळात ज्यांना भ्रूणे साठवायची होती, त्यांना ते काम अमिरातीबाहेर करणे भाग होते. भ्रूणे देशाबाहेर नेण्यासाठी ‘ड्राय शिपर’ वापरतात. त्याच्या आतील सच्छिद्र पदार्थ नायट्रोजन शोषून घेतो, त्यामुळे सांडण्याजोगा द्रव उरत नाही आणि आठ-दहा दिवस आतील तापमान उणे १५०° च्या खाली राहते. विमानतळावर तो क्ष-किरण यंत्रातून न जाता हाती तपासला जावा, म्हणून कागदपत्रे सोबत ठेवतात.

भारतातील स्थिती : मानवी भ्रूणांची आयात २०१३ मध्ये खुली झाली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये संशोधनाचा अपवाद ठेवून बंद झाली. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम, २०२१ नुसार हे उपचार स्त्रीला २१ ते ५० व पुरुषाला २१ ते ५५ या वयांत घेता येतात. जोडपे म्हणजे विवाहित जोडपे. एकट्या स्त्रीला मुभा आहे, पण विवाह न करता एकत्र राहणारे दोघे या व्याख्येत बसत नाहीत. भ्रूणांचे हस्तांतर निषिद्ध आहे; स्वतःची भ्रूणे स्वतःच्या वापरासाठी न्यायची असतील, तर राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. साठवणीला दहा वर्षांची कमाल मुदत आहे, आणि त्यानंतर भ्रूणे नष्ट होऊ द्यायची किंवा संमतीने संशोधनाला द्यायची. ब्रिटनमध्ये हीच मुदत २०२२ पासून, दर दहा वर्षांनी संमती नव्याने देण्याच्या अटीवर, ५५ वर्षांपर्यंत वाढवता येते. कर्करोगामुळे बाविसाव्या वर्षी भ्रूणे साठवणाऱ्या भारतीय विवाहितेची मुदत बत्तिसाव्या वर्षी संपते.