शिनाई घेताय? आधी दोरीकडे बघा

‘बांबू खराब निघाला, बदलून द्या.’ आमच्या दुकानात सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही. सोबत आणलेली शिनाई, म्हणजे केंडो या जपानी तलवारबाजीतली बांबूची तलवार, पाहिली की बहुतेक वेळा बांबू चांगला असतो, दोरी मात्र लोंबत असते.

शिनाईच्या चार पट्ट्यांना ना गोंद असतो, ना खिळा. मुठीच्या आत खाचेत बसवलेला चिगिरीचा छोटा चौकोनी पत्रा, मुठीवरचं कातडं म्हणजे त्सुकागावा, टोकावरची कातडी टोपी म्हणजे साकिगावा, आणि ही टोपी मुठीकडे खेचून धरणारी दोरी, म्हणजे त्सुरु, यांनीच त्या एकत्र राहतात. टोकापासून पाव लांबीवर नाकायुईची कातडी पट्टी आवळलेली असते. १२० सेंमीच्या शिनाईला ती ३० सेंमीच्या आसपास येते. नवी दोरी आणि नवं कातडं दोन्ही पहिल्या काही सरावांत ताणली जातात, त्यामुळे नवी शिनाई सैल होणारच. हा मालाचा दोष नव्हे. पण ती तशीच वापरली की नाकायुई घसरते, प्रत्येक फटक्याला पट्ट्या उघडतात आणि त्यांच्या कडा एकमेकींवर घासून सोलवटतात. मग कुसळं निघतात, आणि दोष बांबूवर येतो.

नुकसान शिनाईपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. टोपी निसटली किंवा पट्टी मोडली, तर ते टोक समोरच्याच्या मेनच्या, म्हणजे चेहरा झाकणाऱ्या शिरस्त्राणाच्या, सळ्यांमधून आत जाऊ शकतं. डोळ्यांशी खेळ आहे हा.

म्हणून सराव सुरू होण्याआधी इतकं करा. दोरी अंगठ्याने बाजूला ढकलून बघा. ती सहज सरकली तर सैल आहे. नाकायुई फिरवून बघा. फिरता कामा नये. मग जुना नायलॉनचा मोजा चारही बाजूंनी टोकापासून मुठीपर्यंत फिरवा. डोळ्यांना न दिसणारं कुसळ मोज्याला लगेच अडकतं. बारीक कुसळ पात्याने तासून त्यावर काचकागद फिरवला की भागतं. तडा गेला असेल तर ती पट्टी बाद. तिच्यावर टेप गुंडाळून आणू नका, आम्ही दुरुस्त करून देणार नाही.

निवड करताना पालकांची एक सवय आम्हाला रोज मोडावी लागते: गणवेशासारखी शिनाईही ‘वाढत्या अंगाची’ मागायची. मोठ्या, जड शिनाईने मुलाचे खांदे आखडतात आणि उजव्या हाताने ओढून मारायची खोड लागते. जपानमध्ये कनिष्ठ माध्यमिक शाळेतल्या मुलांना ३७ नंबर म्हणजे ११४ सेंमीपर्यंत, त्यापुढच्या शाळेत ३८ म्हणजे ११७, आणि प्रौढांना ३९ म्हणजे १२० सेंमीपर्यंत असा नियम आहे. स्पर्धेसाठी ३९ नंबरचं किमान वजन पुरुषांना ५१० ग्रॅम, स्त्रियांना ४४० ग्रॅम. यात त्सुबा, म्हणजे मुठीवरची हात वाचवणारी चकती, धरत नाहीत. दोबारी घाटाची शिनाई मुठीजवळ जाड असते, त्यामुळे तोल हाताकडे राहतो आणि ती हलकी भासते. नवशिक्यांना मात्र आम्ही साधा घाटच देतो. जपानी मादाके बांबू महाग असतो. पहिल्या वर्षी तेवढे पैसे घालण्यापेक्षा साध्या बांबूच्या दोन शिनाई घ्या आणि आलटून पालटून वापरा. कार्बनच्या शिनाईला कुसळं निघत नाहीत, पण दोरी तिचीही सैल होते, आणि वरचा थर फुटून धागे दिसू लागले की तीही बाद.

तेलाबद्दल थोडक्यात. सुट्या केलेल्या पट्ट्यांना तेलाचा पातळ हात फिरवा, पुसा, एक दिवस सावलीत ठेवा. बुडवून ठेवू नका. उन्हाळ्यात गाडीत आणि पावसाळ्यात बंद पिशवीत शिनाई राहू देऊ नका. एकीकडे बांबू सुकून तडकतो, दुसरीकडे बुरशी धरतो.

शिनाई सुटी करण्याआधी पट्ट्यांच्या बुडाशी पेन्सिलने १ ते ४ आकडे घाला. दोन शिनाईंच्या पट्ट्या एकत्र झाल्या की चिगिरीची खाच जुळत नाही, आणि ते जुळवण्यात आमचा अख्खा दुपारचा वेळ जातो. सुट्या पट्ट्या आम्ही विकत नाही, त्याचंही कारण हेच: चारही पट्ट्या एकमेकींना बेतून तासलेल्या असतात.

नवी शिनाई आम्ही तुमच्यासमोर दोरी ताणूनच देतो. त्याला वेळ लागतो, तेव्हा दुकान बंद व्हायच्या वेळी येऊ नका. पहिल्या काही सरावांनंतर ती परत घेऊन या. आमच्याकडून घेतलेल्या शिनाईची दोरी पहिल्यांदा ताणून द्यायचे पैसे घेत नाही. शेजारी उभं राहून गाठ शिकून घेतलीत तर उत्तम. जादा दोरी आणि नाकायुईची जोडी काउंटरवर मिळेल. येताना त्सुबा काढून आणा.