युफोर्बियाचं फूल नेमकं कुठे असतं?

‘युफोर्बियाला यंदा काय पिवळी फुलं आलीत!’ हे वाक्य ऐकलं की माझ्यातला मास्तर जागा होतो. दाद मिळतेय ती पानांना. पॉइन्सेटियाची लाल ‘फुलं’ही पानंच, आणि पॉइन्सेटियाही युफोर्बियाच (युफोर्बिया ही चिकाळ झाडांची एक मोठी प्रजाती).

खरं फूल बघायला भिंग घ्या. पिवळट पानांच्या जोडीत मधोमध इवलासा पेला दिसेल. काठावर मधाच्या ग्रंथी, आत पुंकेसरांचा झुपका, मधून देठावर बाहेर आलेला तीन कप्प्यांचा अंडाशय. पुंकेसर आहेत, स्त्रीकेसर आहे, म्हणजे झालं की फूल! वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनीयसनेही तसंच धरलं होतं.

पण एकेका पुंकेसराच्या दांड्याला मध्येच सांधा असतो. केसराला सांधा कशाला? १८१४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन (पाण्यातल्या कणांच्या थरथरीमुळे भौतिकशास्त्रात पोचलेले, तेच) यांनी उलगडा केला. सांध्याखालचा भाग हा फुलाचा देठ, वरचा पुंकेसर. म्हणजे प्रत्येक पुंकेसर हेच एक अख्खं नरफूल, बाकी सगळं गाळून उरलेलं! अँथोस्टेमा या नातलग झाडात त्याच सांध्यावर चिमुकला निदलपुंज (फुलाचं बाहेरचं वेष्टन) अजून टिकून आहे. तेव्हा पेल्यात एक मादीफूल आणि भोवती नरफुलांचा घोळका. सगळे मिळून एकाच फुलाचं सोंग घेतात. याला चषकरूप फुलोरा म्हणतात. त्यातही आधी मादीफूल पक्व होतं, मग देठ लांबवून बाजूला कलतं, आणि नंतर पुंकेसर एकेक करून वर येतात. स्वपरागण टाळायची ही सोय.

रंग आठवडेच्या आठवडे टिकतो तो यामुळेच. पाकळ्या गळतात, पानं कशाला गळतील?

लावायचं तर निचरा सांभाळा. ही बहुवर्षायू झुडपं थंडीपेक्षा साचलेल्या पाण्याने जास्त मरतात. युफोर्बियाच्या जातींपैकी पॉलिक्रोमा घुमटासारखी वाढते आणि हिवाळ्यात जमिनीलगत मरून वसंतात पुन्हा फुटते. ग्रिफिथाय जमिनीखालून पसरते, तिला जागा द्या. कॅरॅशियसची फांदी पहिल्या वर्षी नुसती पानं धरते, दुसऱ्या वर्षी बहरते आणि संपते. बहर ओसरला की ती बुडापासून छाटा. बिनबहराच्या फांद्या मात्र राहू द्या, पुढच्या वर्षीचा बहर त्यांच्यावरच यायचा असतो.

छाटताना हातमोजे घाला, डोळे जपा. चीक कातडी भाजतो, आणि डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठावा लागतो. ‘चीक लावा, चामखीळ जाईल’ असं सांगणारे भेटतातच, त्यांचं ऐकू नका. युफोर्बियाच्याच पेप्लस या जातीच्या चिकातून शोधलेलं एक औषध उन्हाने बिघडलेल्या त्वचेसाठी रीतसर मोजून-मापून दिलं जात होतं, आणि तेसुद्धा त्वचेच्या कर्करोगाच्या शंकेमुळे २०२० मध्ये युरोपच्या बाजारातून गेलं.

बिया नको असतील तर छाटणी लवकर उरका. सुकलेली बोंडं उन्हात तडकतात आणि बी दूर उडवतात. वर प्रत्येक बीला मुंग्यांसाठी खाऊची गाठ असते, तिच्या ओढीने मुंग्या बी वाहून नेतात.