गुडघा दुखतो, मग करंट डोक्याला कशासाठी?

सोलापुरात गुडघेदुखी घरोघरी आहे. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन तासन् तास बसते. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. उठताना एक हात भिंतीला, दुसरा गुडघ्यावर. यंत्रमागावरच्या माणसाला उलट पाळीभर उभं राहावं लागतं. दवाखान्यात फोटो काढतात, 'झीज झालीय, गॅप कमी झालीय' म्हणतात, गोळ्या देतात. पुढे वाटी बदलण्याची गोष्ट निघते.

डोक्याला सौम्य करंट देऊन लगेच गुडघ्याचा व्यायाम करून घ्यायचा, या उपचाराकडे संशोधक वळले ते या फोटोच्याच एका कोड्यामुळे. फोटोवरून झिजेची प्रत ठरवण्याची केलग्रेन आणि लॉरेन्स यांची पद्धत 1957 ची, आजही वापरात आहे. पण फोटोत भरपूर झीज असूनही एखादा बिनधास्त चालतो आणि किरकोळ झीज असलेल्याला जिना चढवत नाही. मग दुखणं सगळं गुडघ्यातच आहे का? 1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलं की वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच अडवला किंवा पुढे सोडला जातो आणि मेंदूचाही त्यात हात असतो. 1983 मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूच जास्त संवेदनशील होऊन बसतो. पुढे 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात आढळलं की स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागाची मांडणी गुडघ्याची झीज असलेल्यांमध्ये निरोगी माणसांपेक्षा वेगळी असते. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 'सगळं मनाचं आहे' असं ऐकून गप्प बसलेल्या कितीतरी बायकांचं दुखणं यामुळे खरं ठरतं.

विजेची गोष्ट फार जुनी आहे. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस पहिल्या शतकात डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा मासा लावायला सांगत असे. 1801 च्या सुमारास इटलीत अल्दिनी यांनी उदास रुग्णांच्या डोक्याला करंट देऊन पाहिला. नेमकं मोजमाप यायला मात्र फार काळ गेला. 1991 मध्ये जपानच्या त्सुबोकावा यांनी शस्त्रक्रिया करून मेंदूवर तारा बसवल्या आणि हट्टी वेदना कमी होते हे दाखवलं. 2000 मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये निट्शे आणि पाउलुस यांनी कवटी न उघडता, फक्त 1 मिलिअँपिअर करंटने स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागाची उत्तेजकता 40 टक्क्यांपर्यंत बदलली. करंट थांबल्यावरही काही मिनिटं परिणाम टिकला.

प्रत्यक्षात साधन साधं असतं. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, एक दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूला डोक्यावर, दुसरा कपाळावर, साधारण 20 मिनिटं. सुरुवातीला मुंग्या आल्यासारखं वाटतं. तुलनेसाठीच्या गटात करंट सुरू करून अर्ध्या मिनिटाच्या आसपास गुपचूप बंद करतात, म्हणजे खरं कुणाला मिळालं हे रुग्णाला कळत नाही.

व्यायामाची बाजू मुळातच भक्कम होती. अमेरिकेत 1997 मध्ये साठीपुढच्या 439 जणांवरच्या चाचणीत चालण्याने आणि स्नायूंच्या व्यायामाने वेदना बेताने, पण खरोखर कमी झाली. फायदा बेताचाच का, हा पुढचा प्रश्न. सुजलेला, दुखरा गुडघा मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही. मग व्यायामाआधी स्नायूंना हुकूम देणारा मेंदूचा भाग जागा केला तर? 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात वेई-जू चँग यांच्या गटाने 30 जणांवर हेच करून पाहिलं: आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे, आधी करंट आणि लगेच मांडीचा व्यायाम. निष्कर्ष आशा वाढवणारे होते, पण ती मोठ्या चाचणीची पूर्वतयारी होती. वेदनेवरच्या अशा विद्युत उपचारांचा 2018 चा कोक्रेन आढावा (झालेल्या चाचण्या एकत्र तपासून केलेला) तर पुरावा कमी प्रतीचा असल्याचंच सांगतो.

म्हणून 'मेंदूच्या मशीनने गुडघे बरे' अशी जाहिरात दिसली तर पैसे मोजू नका, आणि बॅटरी जोडून घरी तर मुळीच प्रयोग करू नका. कातडी भाजते, फिट येणाऱ्यांनी किंवा डोक्यात धातूची वस्तू असलेल्यांनी तर जवळही जाऊ नये. त्या 30 जणांत खोटा करंट मिळालेल्यांनाही व्यायाम पूर्ण करायला लावला होता, कारण करंट तपासला जात होता तो व्यायामाचा जोडीदार म्हणून.