वहीतली शुगर, यंत्रातली शुगर

नाशिकमध्ये पंचवटी असो वा सिडको, मधुमेह असलेल्या घरात एक वही सापडतेच. बहुतेकदा जुन्या डायरीची उरलेली पानं. तारीख, 'उपाशीपोटी', 'जेवणानंतर' आणि पुढे आकडे. यातले बरेच आकडे डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री एकाच पेनानं, एका बैठकीत उतरवलेले असतात आणि डॉक्टरांनाही ते कळतं. ग्लुकोमीटरमधले, म्हणजे घरी रक्तातली साखर मोजायच्या यंत्रातले, आकडे थेट कॉम्प्युटरवर घ्यायची गरज मुळात या वहीमुळेच जाणवली. सोयीचं बोलणं नंतर सुरू झालं.

पट्ट्या आणि मीटर येण्याआधी घरी रक्त तपासायची सोयच नव्हती. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. रंग हिरव्यावरून पिवळा, नारिंगी, शेवटी विटकरी झाला की समजायचं, साखर बरीच आहे. गंमत अशी, की रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या एम्स (Ames) कंपनीची डेक्स्ट्रोस्टिक्स पट्टी आली. तिच्यावर रक्ताचा थेंब ठेवायचा आणि रंग तक्त्याशी ताडून बघायचा. हा रंग वाचणारं अँटन क्लेमेन्स यांचं यंत्र १९७० च्या सुमारास बाजारात आलं. वजन किलोच्या वर, किंमत जवळपास ५०० डॉलर आणि विक्री फक्त डॉक्टरांना. रिचर्ड बर्नस्टाईन हे स्वतः मधुमेही असलेले अमेरिकन इंजिनिअर. त्यांची पत्नी डॉक्टर, म्हणून तिच्या नावावर त्यांनी ते घेतलं आणि घरी दिवसातून अनेकदा शुगर मोजू लागले. पुढे चाळिशी उलटल्यावर ते स्वतःच डॉक्टर झाले!

मग यंत्रात मेमरी आली. १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना दिलेल्या मीटरमध्ये आकडे साठवणारी चिप होती, पण रुग्णांना ते सांगितलं नव्हतं. नंतर वही आणि चिप शेजारी ठेवून पाहिलं. वहीत काही आकडे असे होते जे मोजलेच गेले नव्हते, आणि मोजलेले काही वाढीव आकडे वहीतून गायब होते. मला यात रुग्णांची लबाडी दिसत नाही, रागावून घ्यायची भीती दिसते.

चिपमधले आकडे बाहेर काढायचे तर केबल हवी, आणि इथे प्रत्येक कंपनीनं आपापली वेगळी चूल मांडली. वन टचच्या मीटरला हेडफोनसारखी बारीक पिन, केबलच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरच्या मागचं नऊ पिनांचं सीरियल पोर्ट. अॅक्यू-चेकचे काही मीटर टीव्हीच्या रिमोटसारखे अदृश्य प्रकाशानं बोलायचे, त्यासाठी वेगळा रिसीव्हर घ्यावा लागे. पुढे लॅपटॉपवरून सीरियल पोर्टच गेलं. मग यूएसबीचा कन्व्हर्टर आणा, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, शोधा, कॉम्प्युटरनं त्याला दिलेला कॉम पोर्टचा नंबर जुळवा. कंपनीचं सॉफ्टवेअर फक्त कंपनीच्याच मीटरला ओळखणार, म्हणजे मीटर बदलला की जुना इतिहास मागेच राहिला. बायरनं २००९ मध्ये पेनड्राइव्हसारखा थेट खुपसायचा काँटूर यूएसबी आणला, तेव्हा केबलची कटकट निदान त्या मीटरपुरती संपली.

ब्लूटूथवरून ग्लुकोजचे आकडे पाठवण्याची सामाईक पद्धत २०१२ मध्ये ठरली. आता आकडे मोबाइलवर येतात आणि पुण्यातल्या मुलीला नाशिकरोडच्या बाबांची सकाळची शुगर चहाआधी कळते. बाबांना ते आवडतंच असं नाही.

एक जुनी अडचण मात्र साध्या मीटरमध्ये अजून आहे. सेल बदलला की काही मीटरचं घड्याळ मूळ तारखेवर जातं. मग आकडे खरे, पण कॉम्प्युटरवरच्या आलेखात उपाशीपोटीची शुगर मध्यरात्री दोन वाजता आणि वर्षही भलतंच. तेव्हा आकडे उतरवण्याआधी मीटरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी आणि कॅलेंडरशी जुळवून घ्यावं लागतं.